बघतंय कोण?

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर आवाज जरा मोठा करा. आजची गोष्ट लांबच्या मुलखात जाऊन येणार आहे, पण सुरू होते ती आपल्या बाजारातल्या एका खांबापाशी.

दिवाळीआधीच्या आठवडी बाजारात माझ्या ओळखीच्या एका भाजीवाल्या आक्कांचं मंगळसूत्र गेलं. मागून हिसका बसला आणि हात गळ्याकडं जाईस्तोवर माणूस गर्दीत नाहीसा झाला. समोरच खांबावर कॅमेरा होता, म्हणून सगळ्यांनी एकदम तिकडं बोट दाखवलं. दोन दिवसांनी कळलं की कॅमेऱ्यापुढं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलेला होता. रेकॉर्डिंगमध्ये दिवसभर त्या फ्लेक्सची पांढरी पाठ तेवढी हलत होती.

आक्का रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात न्हवं? मग सांगा, ह्या डब्यातनं बघतंय तरी कोण?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले, आणि पहिल्याच दिवशी एक अशी बाई भेटली की तिच्याबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

तिचं नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय नर्स. तिच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याचंही तसंच. म्हणजे कित्येकदा मेरी घरात एकटी. वस्तीत चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या, आणि पोलिसांना बोलावलं तर ते येणार त्यांच्या सवडीनं. रात्री दार वाजलं की पोटात गोळा यायचा. तो गोळा आपल्यापैकी कितीजणींच्या ओळखीचा आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

मेरीनं त्या भीतीवर डोकं चालवलं. दाराला एकाखाली एक चार भोकं. उंच माणूस, बुटका माणूस, लहान मूल, कुणीही उभं असो, एका ना एका भोकातून दिसणारच. आतल्या बाजूनं एक कॅमेरा वरखाली सरकायचा आणि हव्या त्या भोकाला डोळा लावायचा. त्याचं चित्र दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर. अंथरुणातून न उठता बाहेर कोण आहे ते बघायचं आणि त्याच्याशी बोलायचं. माणूस ओळखीचा असला तर एक बटण दाबून कडी उघडायची, धोका वाटला तर दुसरं बटण दाबून मदत बोलवायची. १ ऑगस्ट १९६६ ला नवरा-बायकोनं मिळून पेटंटचा अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. कागदावर पहिलं नाव मेरीचं आहे, अल्बर्टचं दुसरं. ही गोष्ट मी दोनदा तपासून बघितली, कारण असं सहसा होत नाही.

आता कुणी जाणकार म्हणेल, तारेनं जोडलेला कॅमेरा मेरीच्या आधीही होता. होता. जर्मनीत १९४२ मध्ये वाल्टर ब्रुख नावाच्या इंजिनियरनं पेनेम्युंडे इथं तो बसवला होता. तिथं व्ही-२ रॉकेट उडवायचे आणि ते कधी जागेवरच फुटायचं, म्हणून माणसांनी लांब बसून पडद्यावर बघायचं. लंडनच्या पोलिसांनीही १९६० मध्ये ट्राफल्गार चौकात गर्दीवर नजर ठेवायला तात्पुरते कॅमेरे उभे केले होते. मेरीची गोष्ट वेगळी अशासाठी की तिच्या कॅमेऱ्यामागं ती स्वतः होती. कॅमेरा कधी चालू करायचा, कुठं सरकवायचा, बघून झाल्यावर काय करायचं, सगळं तिच्या हातात. आक्कांचा प्रश्न मेरीला विचारला असता तर तिनं एका शब्दात उत्तर दिलं असतं: "मी."

तिचं यंत्र बाजारात मोठ्या प्रमाणावर कधी आलं नाही. पण पुढं दाराच्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या कितीतरी जणांनी आपल्या पेटंटमध्ये तिच्या पेटंटचा दाखला दिला आहे. मेरी १९९९ मध्ये गेली.

दरम्यान कॅमेरा दारातून रस्त्यावर आला होता, आणि तिथं त्याचा मालक बदलला.

हे सगळ्यात जोरात झालं ब्रिटनमध्ये. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटनला सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर १९८५ मध्येच बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावाच्या रस्त्यावर कायमचे कॅमेरे लागले. तरी लोकांच्या मनात कॅमेरा बसला तो १९९३ मध्ये. १२ फेब्रुवारीला लिव्हरपूलजवळच्या बूटल इथल्या दुकानांच्या संकुलातून दोन वर्षांचा जेम्स बल्जर हरवला. आई मटणाच्या दुकानात होती, क्षणभर हात सुटला होता. कॅमेऱ्याच्या धुरकट चित्रात दिसलं की दोन मोठी मुलं त्याला हाताला धरून चालवत नेताहेत. ती मुलं दहा वर्षांची होती. दोन दिवसांनी जेम्सचा देह सापडला. ते चित्र देशातल्या प्रत्येक घरातल्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं.

त्या चित्रानं मारेकरी ओळखायला मदत झाली, हे खरं. पण कॅमेरा त्या पोराला वाचवू शकला नाही. तो बघत होता, आणि त्याच्या बघण्यानं त्या वेळी काहीच थांबलं नाही. तरीही देशाची मागणी एकच होती, आणखी कॅमेरे लावा. नव्वदीच्या मधल्या वर्षांत ब्रिटनच्या गृहखात्यानं गुन्हे रोखण्याच्या पैशातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा एकट्या कॅमेऱ्यांवर खर्च केला.

त्याच काळात क्लाइव्ह नॉरिस आणि गॅरी आर्मस्ट्राँग या दोन अभ्यासकांनी आक्कांचाच प्रश्न घेतला आणि सरळ कॅमेऱ्यामागच्या खोलीत जाऊन बसले. तीन नियंत्रण कक्ष, जवळजवळ ६०० तास. पडद्यासमोरची माणसं कुणाकडं बघतात हे त्यांनी मोजलं. तरुण पोरांकडं, त्यातही कृष्णवर्णीयांकडं, काही केलेलं नसताना जास्त बघितलं जात होतं. बायकांचं काय? ज्या ज्या वेळी कॅमेरा मुद्दाम एखाद्या बाईवर रोखला, त्यात दहात एकदा कारण निव्वळ चवीनं बघणं, एवढंच होतं. हे १९९९ मध्ये त्यांच्या पुस्तकात छापून आलं. पानाच्या कट्ट्यावरची नजर खांबावर चढली, दुसरं काय. कट्ट्यावरच्याकडं आपण निदान डोळे वटारून बघू शकतो.

मग कॅमेऱ्यानं गुन्हे कमी होतात की नाही? होतात, पण कुठं ते ऐका. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये ताळा मांडला. सगळं धरून गुन्ह्यांत १६ टक्के घट दिसली. पण ती बहुतेक सगळी मोटारी उभ्या करायच्या जागांमुळं. तिथं ५१ टक्के घट होती. गावातल्या रस्त्यांवर, वस्त्यांमध्ये फरक किरकोळ. म्हणजे कॅमेऱ्यानं सगळ्यात चांगली राखली ती मोटार. याच दोघांनी त्याच वर्षी रस्त्यावरच्या दिव्यांचाही ताळा मांडला होता, आणि दिवे सुधारल्यावर गुन्हे २१ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. आपल्या गल्लीच्या तोंडाचा दिवा किती महिने बंद आहे, ते तुमचं तुम्ही आठवा.

आता यंत्राकडं वळू. कारण आजच्या कॅमेऱ्यामागं कित्येकदा माणूस नसतोच. हजारो पडदे बघायला माणसं आणायची कुठून? म्हणून बघायचं काम यंत्राला शिकवलं गेलं. ते कसं, हे समजायला अवघड नाही. सकाळी अंगणात सडा टाकून रांगोळी घातली, आणि दुपारी त्यावर पाऊल उमटलेलं दिसलं, तर कुणीतरी येऊन गेलं हे आपल्याला कळतं. यंत्राची पहिली युक्ती हीच. रिकाम्या रस्त्याचं चित्र लक्षात ठेवायचं आणि नव्या चित्रातून ते वजा करायचं. उरेल ते नवीन. पण झाडाची फांदी हलली, ढग आला, सावली सरकली की यंत्र फसायचं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत क्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी तोडगा काढला. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एकच आठवण न ठेवता चार-पाच ठेवायच्या, म्हणजे हलणारी फांदी हीसुद्धा नेहमीचीच धरली जाते. त्यांची यंत्रणा पावसात, बर्फात, रात्रंदिवस १६ महिने चालली.

नवीन काय ते कळलं, आता त्याच्या मागावर राहायचं. त्यासाठी रुडॉल्फ कालमन यांचं १९६० चं एक गणित वापरतात. नातू पळत पळत माजघराच्या दारातून आत शिरला की आजी त्या दाराकडं बघत बसत नाही, परसदाराकडं बघते, कारण तो तिथून बाहेर पडणार हे तिला माहीत असतं. अंदाज बांधायचा, दिसलं की सुधारायचा, पुन्हा बांधायचा. यंत्र हेच सेकंदाला कितीतरी वेळा करतं.

या दोन युक्त्या जोडल्या की बेवारस पिशवी ओळखणारा कॅमेरा तयार होतो. माणूस पिशवी घेऊन आला, पिशवी राहिली, माणूस लांब गेला, की घंटा वाजणार. विमानतळावर हे ठीक. आपल्या बाजारात पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून चहाला जाणाऱ्या बायका किती? घंटेला दम खायला वेळ मिळायचा नाही.

पुढचा टप्पा म्हणजे ती वस्तू काय आहे हे ओळखणं. त्यासाठी यंत्राला लाखो फोटो दाखवावे लागतात, आणि ही माणूस, ही सायकल, असं कुणीतरी आधी प्रत्येक फोटोवर आखून ठेवावं लागतं. असा एक जगभर वापरला जाणारा संग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचं नाव कोको. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. मी यादी शेवटपर्यंत वाचली. बर्फावरून घसरायची फळी आहे. समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी आहे. हॉट डॉग आहे, डोनट आहे, पिझ्झा आहे. गाय आहे, हत्तीही आहे. रिक्षा नाही. हातगाडी नाही. बैलगाडी नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई नाही. ज्यांनी यादी केली त्यांच्या दारासमोरून जे जातं ते यादीत आलं, यात त्यांचा डाव काही नव्हता. पण तेच यंत्र आपल्या चौकात लावलं की आपली निम्मी वर्दळ त्याच्या पाठ्यपुस्तकात नसते. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेतल्या लोकांना हे खटकलं. त्यांनी हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरून मोटार फिरवून दहा हजार चित्रांचा संग्रह केला आणि २०१८ मध्ये तो खुला केला. त्यात रिक्षा आहे, आणि रस्त्यात बसलेली जनावरंही आहेत.

वस्तू ओळखण्याच्या या विद्येत ज्याचं नाव अगदी वर घेतलं जातं तो जोसेफ रेडमन. त्याच्या 'योलो' या पद्धतीनं चित्रावर एकच नजर टाकून सगळ्या वस्तू ओळखता येऊ लागल्या. २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं जाहीर केलं की हे संशोधन आपण सोडलं आहे, कारण त्याचा लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणावर होणारं आक्रमण याकडं आता डोळेझाक करवत नाही. ज्यानं यंत्राला नजर दिली, त्यालाच ती बघवेना.

वस्तू चुकली तर एकवेळ चालेल, माणूस चुकला तर? जॉय बुओलामविनी ही घानाई-अमेरिकी मुलगी एमआयटीत शिकत होती. कॅमेऱ्यासमोर बसली की यंत्राला तिचा चेहरा दिसायचाच नाही. तिनं पांढरा मुखवटा घातला, लगेच दिसला. २०१८ मध्ये तिनं टिमनिट गेब्रू हिच्याबरोबर तीन कंपन्यांची यंत्रं तपासली. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

या आकड्याचा अर्थ काय होऊ शकतो, ते डेट्रॉइट शहरातल्या पोर्शा वुडरफला विचारा. २०२३ चा फेब्रुवारी. सकाळी ती लेकींना शाळेसाठी तयार करत होती. दारात पोलीस आले, म्हणाले, मोटार लुटल्याच्या गुन्ह्यात तुला अटक. पोर्शा आठ महिन्यांची गरोदर होती. तिनं पोटाकडं हात करून विचारलं, तुम्ही चेष्टा करताय का? पेट्रोलपंपावरच्या चित्रातली बाई यंत्रानं पोर्शाच्या एका जुन्या फोटोशी जुळवली होती. पुढं लुटल्या गेलेल्या माणसानंही तोच जुना फोटो बघून तिच्यावर बोट ठेवलं. लुटणारी बाई गरोदर होती, असं त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. अकरा तास तिला अडकवून ठेवलं. महिन्याभरात खटला काढून टाकला गेला. मेरी ब्राउनच्या दारावर रात्री थाप पडायची भीती होती, पोर्शाच्या दारावरची थाप कॅमेऱ्यानंच आणली. मधे ५७ वर्षं गेली.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला आणि शहरभर कॅमेऱ्यांची मागणी पुढं आली, पण ते जाळं उभं राहायला २०१६ उजाडलं. पुण्यात २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, तिथंही तेच झालं. पण बायकांच्या नावानं कॅमेरे आले ते १६ डिसेंबर २०१२ नंतर. दिल्लीच्या त्या मुलीला घेऊन फिरणारी पांढरी बस रस्त्याकडेच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यात दिसली आणि आरोपींपर्यंत पोचायला उपयोग झाला. पुढच्याच अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. २०१८ मध्ये मुंबईसह आठ शहरांत 'सेफ सिटी' प्रकल्प मंजूर झाले, आणि त्यांत कॅमेऱ्यांचा वाटा मोठा आहे.

यातली एक योजना ऐकून मी पुस्तक खाली ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये लखनौच्या पोलिसांनी सांगितलं की छेडछाडीच्या २०० जागा शोधल्या आहेत, तिथं असे कॅमेरे लावू की बाईच्या चेहऱ्यावर त्रास दिसला की जवळच्या चौकीला आपोआप खबर जाईल. हेतू वाईट नव्हता. पण चेहऱ्यावरून मनातलं खात्रीनं ओळखता येतं का? लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक अभ्यास चाळून २०१९ मध्येच सांगितलं होतं की नाही येत. आणि अभ्यास कशाला हवा? उन्हात एसटीची वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा कसा असतो? त्रास होत असताना दगडासारखा चेहरा ठेवून चालत राहायचं, हे आपल्याला वयाच्या बाराव्या वर्षीच कुणी न शिकवता येतं.

मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर' नावाचं पुस्तक २०११ मध्ये आलं. बायकांना सुरक्षेच्या नावाखाली नजरेत ठेवण्यापेक्षा बिनकामाचं रस्त्यावर रेंगाळायचा हक्क मिळू द्या, असं त्या मांडतात. कट्ट्यावर नुसतं बसायचं, काही न करता. माझी सून हे वाचून हसली, म्हणाली, "आई, कट्ट्यावर बसलेली दिसले तर आधी मामांना फोन येईल." खरंच आहे. आणि आता फोनबरोबर व्हिडिओही येईल, कारण खांबावरचं चित्र कुणाच्या मोबाइलात कसं जातं, हे आपण सगळ्या बघतो.

माझं मत विचाराल तर कॅमेरे काढून टाका, असं मी म्हणणार नाही. फ्लेक्स नसता तर आक्कांचं मंगळसूत्र कदाचित परत मिळालंही असतं. मला खटकतं ते एवढंच की बघणारा अंधारात आणि आपण उजेडात. हे उलटंही करता येतं. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपाशीसुद्धा, आवाजासह चित्र घेणारे कॅमेरे हवेत, रेकॉर्डिंग १८ महिने आणि ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवलं पाहिजे. आणि ठाण्यात कुणावर बळजबरी झाली, तर त्या वेळचं चित्र मागायचा हक्क त्या माणसाला आहे.

तर आक्का, मी आणि बाजारात बसणाऱ्या आणखी सहाजणी, आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. प्रश्न साध्या मराठीत लिहिले. बाजारात आणि स्टँडवर कॅमेरे किती, त्यातले आज चालू किती? चित्र किती दिवस ठेवता? पडद्यासमोर कोण बसतं, त्यात एखादी बाई आहे का? चित्र बाहेर कुणाला देता, आणि दिल्याची नोंद कुठल्या वहीत होते? कॅमेऱ्यापुढं फ्लेक्स लावायला परवानगी कुणी दिली? शेवटचा प्रश्न आक्कांचा. तो पहिला लिहा, असा त्यांचा आग्रह होता, पण मी खाली ठेवला.

अर्जाची पोच माझ्याकडं आहे. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते, त्यातले अकरा झाले. उत्तर आलं की याच वेळी, याच ठिकाणी जसंच्या तसं वाचून दाखवीन. नाही आलं तर अपील कसं करायचं ते सांगीन. तुमच्या गावच्या बाजारात खांब असेल तर तोवर एकदा वर बघून या, त्याच्यासमोर काय टांगलंय ते.